लोणारचें पाणी आणि नुकसानीची भरपाई

एखाद्यानें शेजाऱ्याची भिंत पाडली तर ती बांधून देण्याचा खर्च त्याच्यावर पडतो, हें कोणासहि समजतें. शेजारी फिर्याद करतो, किंमत ठरते आणि भरपाई मिळते. परंतु नासलेली वस्तु नदी, समुद्र किंवा सरोवर असेल, तर फिर्यादी कोण, किंमत कशी ठरवावयाची आणि भरपाई कोणीं द्यावयाची? या प्रश्नांचा विचार करण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हें बोलकें उदाहरण आहे.

अशनिपातानें काळ्या पाषाणांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून त्याच्या तळाशीं खारें व क्षारयुक्त पाणी सांचलेलें आहे. या क्षारामुळेंच तेथील सूक्ष्म जीवसृष्टि इतर तळ्यांहून निराळी राहिली. २०२० च्या जून महिन्यांत पाणी गुलाबी झालें, तें मिठांत वाढणाऱ्या अशाच सूक्ष्म जीवांमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलें. त्याच वर्षीं सरोवराला रामसर यादींत स्थान मिळालें. मात्र कांठावरील लोणार शहराचें सांडपाणी अनेक वर्षें या विवरांत उतरत आलें. इतर तळीं सांडपाण्यानें घाण होतात. येथें गोडें पाणी मिसळून क्षाराचा तोलच ढळण्याचें भय आहे.

आतां पहिला प्रश्न फिर्यादीचा. १९९६ सालीं हिमाचल प्रदेशांतील बियास नदीविषयींच्या कमलनाथ खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नद्या, वनें, समुद्रकिनारे यांचें सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्त झोंपला तर साधा नागरिकहि न्यायालयाचें दार ठोठावूं शकतो. लोणारसाठीं नागपूर खंडपीठापुढें जनहित याचिका चालली, ती याच न्यायानें.

दुसरा प्रश्न किंमतीचा. सरोवर बाजारांत विकलें जात नाहीं. तेव्हां बाजारभाव निरुपयोगी. वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांविषयीं १९९६ सालीं न्यायालयानें मार्ग दाखविला: प्रदूषण करणारानें पीडितांस भरपाई द्यावीच, शिवाय बिघडलेली भूमि व पाणी पूर्ववत् करण्याचा खर्चहि सोसावा. २०१० च्या कायद्यानें स्थापिलेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण याच तत्त्वावर निर्णय देतें. मुंबईनजीक २०११ सालीं कोळशाचें जहाज बुडून तेल पसरलें. त्याबद्दल २०१६ सालीं न्यायाधिकरणानें जहाज कंपनीवर १०० कोटी रुपयांची भरपाई बसविली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. लोणारला दोषी अशी कोणी श्रीमंत कंपनी नाहीं. घाण घरोघरच्या मोऱ्यांतून येते, आणि ती शुद्ध करण्याचें काम नगरपालिकेचें व सरकारचें. २०२२ सालीं न्यायाधिकरणानें महाराष्ट्रांतील सांडपाणी व घनकचरा यांच्या हेळसांडीबद्दल राज्याकडून सुमारें १२,००० कोटी रुपये भरपाईची रक्कम ठरविली. असा दंड शेवटीं करदात्यांच्याच पैशांतून जावयाचा. एका खिशांतून काढून दुसऱ्यांत घातलेल्या रुपयानें पाणी स्वच्छ होत नाहीं. म्हणून ती रक्कम निराळी ठेवून गटारें वळविणें व सांडपाणी शुद्ध करणें याच कामीं खर्च झाली, तरच तिला भरपाई म्हणतां येईल. भिंत पुन्हा उभी राहिली म्हणजेच शेजाऱ्याचें देणें फिटतें. सरोवराचें देणेंहि तसेंच फेडावें लागेल.