दाबलेली कळ हरवते कुठे?

कीबोर्डवर शंभराहून अधिक कळा असतात, पण प्रत्येक कळेपासून आतल्या चिपपर्यंत स्वतंत्र तार नेलेली नसते. तेवढ्या तारा परवडणाऱ्या नाहीत. त्याऐवजी आडव्या आणि उभ्या वाहक रेषांची जाळी केली जाते व प्रत्येक छेदावर एक कळ बसवली जाते. 8 आडव्या आणि 18 उभ्या रेषांत 144 कळांची सोय होते, तीही अवघ्या 26 जोडण्यांत. चिप एकेका ओळीत क्रमाने संकेत सोडते आणि तो कोणत्या उभ्या रेषेतून परत आला ते पाहते. ही फेरी सेकंदाला अनेकदा होते.

एक किंवा दोन कळा दाबल्या तर घोटाळा होत नाही. तिसरीपासून अडचण सुरू होते. मराठीतलीच अक्षरे घेऊ. समजा, प आणि र एका आडव्या रेषेवर आहेत आणि प आणि ब एका उभ्या रेषेवर. तिन्ही एकदम दाबल्या तर ब च्या ओळीत सोडलेला संकेत प मधून मागे फिरतो, र मधून पुढे जातो आणि आयताच्या चौथ्या कोपऱ्यावरची, कोणी हातही न लावलेली कळ दाबल्यासारखी दिसते. यालाच घोस्टिंग म्हणतात. भलतेच अक्षर उमटू नये म्हणून चिप अशा वेळी शेवटच्या कळेकडे सरळ दुर्लक्ष करते. म्हणजे कळ हरवते ती बिघाडामुळे नव्हे, खबरदारी म्हणून.

लिपिकाच्या परीक्षेतल्या मिनिटाला 30 मराठी शब्दांना याने फारसा धक्का लागत नाही, कारण तिथे बोटे एकामागून एक पडतात. शिफ्ट, कंट्रोल या कळाही सहसा वेगळ्या रेषांवर ठेवलेल्या असतात.

खरी कसोटी ब्रेलची. डक्सबरीसारख्या ब्रेल टंकण्याच्या संगणक प्रणालीत साध्या कीबोर्डवरच्या एफ, डी, एस या कळा 1, 2, 3 क्रमांकाचे ठिपके होतात आणि जे, के, एल या 4, 5, 6. अक्षराचे सगळे ठिपके एकदम दाबावे लागतात. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमधल्या ढ ला सहाही ठिपके आहेत. त्यातली एफ तेवढी गळाली तर उरतो ट, आणि ‘ढग’चा ‘टग’ होतो. ही चूक टंकणाऱ्याची नसते, पण त्याच्या नावावर जमा होते.

उपाय जुना आणि सोपा आहे: प्रत्येक कळेला एक डायोड. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे संकेताला मागे फिरायला वाट राहत नाही. पण स्वस्त कीबोर्डच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे आणि त्यांवर वाहक शाईने छापलेल्या रेषा असतात. तिथे शंभर डायोड बसवणे खर्चात बसत नाही. शिवाय यूएसबीच्या मूळ पद्धतीतल्या आठ बाइटच्या संदेशात शिफ्टसारख्या कळा वगळता सहाच कळांना जागा आहे. ढ पुरता तेवढ्यात मावतो. जुन्या पीएस/2 जोडणीत ही मर्यादा नव्हती. तिथे कळ दाबल्याचा एक आणि सोडल्याचा दुसरा संकेत जात असे.

ब्रेलसाठी कीबोर्ड घेताना दुकानातच नोटपॅड उघडून एफ, डी, एस, जे, के, एल एकदम दाबून पाहावे. सहाही अक्षरे उमटली नाहीत, तर तो कीबोर्ड या कामाचा नाही.