डच पोलिसांचे पिस्तूल : मुठीतला फरक
नेदरलँड्सच्या पोलिसांकडे दीर्घकाळ असलेल्या वॉल्थर पी-५ या पिस्तुलाची धातूची घडण देखणी होती, परंतु पहिल्या गोळीला चाप लांब व जड, तर पुढच्या गोळ्यांना हलका दाबावा लागत असल्याने हाताला दोन वेगळ्या सवयी लावाव्या लागत. २०१३ पासून आलेल्या वॉल्थर पी-९९-क्यूचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे बळकट केलेल्या कडक प्लास्टिकचा असून त्याच्या चापाचा दाब दर वेळी सारखाच राहतो. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, गोळ्यांची दुहेरी रांग असली तरी पॉलिमरच्या भिंती पातळ ठेवता येत असल्याने मूठ बोजड होत नाही. शिवाय मुठीची मागची पट्टी बदलता येते, आणि लहान पंजाच्या पोलिसाचे बोटही चापापर्यंत नीट पोचते, ही सोय दिसण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.