सुरू होते, पण टिकत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर बडोद्याच्या वस्त्यांत शिरला व अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर डिझेलची पिकअप गाडी सुरू होऊन लगेच बंद पडू लागली, तर दोष बॅटरीला देऊ नये. इंजिन एकदा पेटले, याचा अर्थ नळीत उरलेले चांगले डिझेल त्याला मिळाले. पुढे मात्र पाणी आले असावे. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी साचते आणि तेथूनच ओढले जाते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे इंधन काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर होऊ द्यावे. तळाशी निराळा थर दिसल्यास टाकी साफ करून फिल्टर बदलावा. न दिसल्यास तुंबलेला फिल्टर किंवा नळीत शिरलेली हवा तपासावी. तोवर स्टार्टर वारंवार फिरवू नये. पाणी पंपात व इंजेक्टरात गेले, तर फिल्टरवर भागणारा खर्च गाडीवर पोट असणाऱ्याचे कंबरडे मोडतो.