आकडा इंजिनाचा, कारण आपलं

नाशिकच्या विदित गुजराथीनं ५ एप्रिल २०२४ ला टोरंटोत हिकारू नाकामुराच्या राजापुढचं प्यादं उंटानं मारलं, ती डावातली जेमतेम अकरावी चाल होती. कँडिडेट्स या बुद्धिबळ स्पर्धेची दुसरी फेरी, समोर कित्येक डाव न हरलेला खेळाडू, हातात काळी मोहरी, आणि एका प्याद्यासाठी अख्खा उंट! विदितनं हा बळी घरून तयार करून आणला होता. एकोणतिसाव्या चालीला डाव आटोपला. पुढे त्याच स्पर्धेत त्यानं नाकामुराला दुसऱ्यांदाही हरवलं.

आजच्या दर्जाच्या स्पर्धेत अशी तयारी इंजिनाशिवाय, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय प्रोग्रामशिवाय, होत नाही, आणि डाव संपल्यावर त्याची चिरफाडही त्याच इंजिनावर होते. विशेष म्हणजे विदितच्या संगणकावर चालणारं स्टॉकफिश तुमच्या फोनवरही फुकट चालतं. २००८ मध्ये मार्को कोस्ताल्बा यांनी टॉर्ड रोमस्टाड यांच्या जुन्या इंजिनावरून ते उभं केलं आणि तेव्हापासून त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाला दोन कपाटांएवढी यंत्रणा लागली होती. खिशातला फोन आज त्याहून सरस खेळतो.

हे इंजिन करतं काय? चालींची झाडं पिंजून काढतं, पण सगळ्या फांद्या बघत नाही. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचं एक जरी चोख उत्तर सापडलं, तर तिची उरलेली उत्तरं तपासायची गरज नसते. ती फांदी छाटली जाते. ही छाटणी चांगली जमली तर तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट खोल पाहता येतं. फांदीच्या टोकाला पोचल्यावर मात्र पटाची किंमत ठरवावी लागते. पूर्वी त्यासाठी माणसांनी लिहिलेले नियम होते: हत्तीचे इतके गुण, उघड्या राजाला इतका दंड. २०२० पासून हे काम एक छोटं न्यूरल नेटवर्क करतं. त्याची कल्पना शोगी या जपानी बुद्धिबळातून आली.

या सगळ्यातून बाहेर पडतो एक आकडा. +१ म्हणजे पांढऱ्याकडे एका प्याद्याइतकी आघाडी, असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. २०२२ च्या अखेरीस स्टॉकफिशनं हे मोजमाप नव्यानं बसवलं. आता +१ चा अर्थ असा, की त्या स्थितीतून इंजिन इंजिनाशी खेळलं तर पांढरा साधारण निम्म्या वेळा जिंकेल. आकडा तुमच्याबद्दल बोलतच नाही, हे इथं लक्षात घ्यायचं. घड्याळात दोन मिनिटं उरलेल्या, घाम फुटलेल्या माणसाचा त्यात विचार नाही.

अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापक मिलिमीटर सांगतो. रब्बीला काय पेरायचं आणि काय नाही, हे ग्रामसभा ठरवते. इंजिनाचा आकडा हा तसा मिलिमीटर आहे. आपली ग्रामसभा भरायची बाकी असते, आणि बहुतेक खेळाडू नेमकी तीच रद्द करतात. डाव संपला की मुलं फोन उघडतात, लाल चिन्हं मोजतात, 'दोन घोडचुका झाल्या' म्हणून वडापाव खायला जातात. याला विश्लेषण म्हणणं मला जड जातं.

१२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव घ्या. जगज्जेतेपदाची शेवटची फेरी. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण स्थिती बरोबरीची. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेननं हत्ती एफ-२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. इंजिनाचा आकडा दाखवणारी पडद्यावरची पट्टी तत्क्षणी काळ्याकडे कोसळली आणि घरी बसलेल्या लाखोंना गुकेशच्याही आधी कळलं, की डिंग हरला. का हरला, हे पट्टीनं सांगितलं नाही. डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशनं आपला उंट डी-५ वर ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला त्याच तिरप्या रेषेशिवाय जागा नव्हती, त्यामुळे उंटांची मारामारी टळणार नव्हती. उरले दोन राजे आणि प्यादी, आणि तिथं ते एक जास्तीचं प्यादं निर्णायक ठरतं. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगनं डाव सोडला.

हे कारण एकदा उमगलं की ते आपल्या डावातही कामी येतं: शेवटाकडे मोहरा कोपऱ्यात असेल तर अदलाबदलीला हात घालण्याआधी थांबायचं.

म्हणून इंजिन उशिरा उघडावं. आधी नोंदीच्या कागदावर कुठं वेळ घालवला, कुठं भीती वाटली, कोणती चाल मनात येऊन सोडली, ते स्वतः लिहावं. मग इंजिनाला एकच नव्हे, पहिल्या तीन पसंतीच्या चाली दाखवायला सांगाव्यात. तिन्हींचे आकडे जवळजवळ असतील तर तिथल्या 'चुकी'चं दुःख करू नये. पहिल्या आणि दुसऱ्या चालीत दरी असेल तर एकच वाट होती असं समजावं. अवघड जागा तीच. सगळ्यांत महत्त्वाचं, आपली सोडलेली चाल पटावर खेळून इंजिनाला ती खोडून दाखवायला लावावी. त्याच्या उत्तरात बहुतेकदा कारण दडलेलं असतं. इंजिनाला थोडा वेळही द्यावा. पहिल्या दोन सेकंदांतला आकडा मिनिटभरात पार फिरू शकतो.

एके ठिकाणी मात्र वाद संपतो. पटावर राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की जवळजवळ प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच काढून ठेवलेला आहे. सात मोहऱ्यांचे सिझिजी तक्ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. तिथं अंदाज नाही, थेट उत्तर.

उरलेल्या पटासाठी घरातल्या बुद्धिबळपटूला एवढंच सांगा: डाव हरून आलास तर आज रात्री इंजिन बंद. वही आण, आणि कुठं चुकलं असं तुला वाटतं ते आधी लिही.