क्लच कुणाच्या हाताचा?

बालमित्रांनो, तुमच्या आजोबांकडे किंवा शेजारच्या काकांकडे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एखादी जुनी स्कूटर आहे का? असेल तर तिच्या डाव्या मुठीकडे नीट बघा. मुठीपुढे एक लांबट दांडी दिसेल. तीच क्लचची लिव्हर. ती दाबायची, मूठ फिरवून गिअर टाकायचा आणि लिव्हर हळूहळू सोडायची. मग स्कूटर निघाली ऐटीत!

अशा स्कूटरींची मूळ आजी म्हणजे इटलीची वेस्पा. १९४६ साली ती जन्माला आली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी! पुढे १९६० नंतरच्या काळात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात वेस्पा तयार होऊ लागली. मग १९७२ साली आली चेतक. महाराणा प्रतापांच्या घोड्याचंच नाव तिला दिलं होतं. आमच्या घरीही एक चेतक आहे, माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तिच्यावर पुढे उभं राहून मी शाळेत गेले आहे. आज तिचीच गोष्ट सांगणार आहे.

दिवे घाटातली फजिती

माझ्या दादाला यंत्रांचं भारी वेड. त्याने ठरवलं, अण्णांच्या चेतकला पुन्हा तरुण करायचं. इंजिन उघडलं. आतल्या पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या, घासून गुळगुळीत केल्या. कार्बोरेटर थोडा मोठा बसवला. यालाच ट्यूनिंग म्हणतात. स्कूटर आता जोरात पळू लागली.

मग एका रविवारी दादा पुण्याहून सासवडला निघाला. दिवे घाटाचा चढ लागला. दादाने मूठ पिळली. इंजिन जोरजोरात ओरडू लागलं, पण स्कूटर मात्र हळू होत गेली! जळकट वास सुटला. मागून ट्रक हॉर्न वाजवत होता. दादाने कशीबशी गाडी कडेला घेतली. नंतर तो म्हणाला, ‘‘त्या दोन मिनिटांत घाम फुटला मला.’’

असं का झालं? इंजिनाची ताकद वाढली, पण ती ताकद चाकापर्यंत नेणारा क्लच जुनाच राहिला होता. तो घसरत होता.

क्लचच्या पोटात काय असतं?

क्लचच्या पोटात असतात गोल चकत्या. काही इंजिनाबरोबर फिरतात, काही गिअरबरोबर. त्या एकाआड एक रचलेल्या असतात. त्यांतल्या काही चकत्यांवर कॉर्क असतो, बाटलीच्या बुचाला वापरतात तसला. ही सगळी चळत तेलात बुडालेली असते आणि स्प्रिंगा तिला घट्ट दाबून धरतात. त्यामुळे सगळ्या चकत्या एकत्र फिरतात. तुम्ही लिव्हर दाबलीत की स्प्रिंगांचा दाब निघतो, चकत्या सुट्या होतात आणि इंजिन व चाक यांची गट्टी फू होते! लिव्हर सोडली की पुन्हा दोस्ती.

म्हणजे सगळा खेळ घर्षणाचा. ताकद जास्त आणि घर्षण कमी झालं, की चकत्या एकमेकींवरून घसरतात, तापतात आणि कॉर्क जळतो.

आता एक प्रयोग करा. शंभर पानी दोन वह्या घ्या. पत्ते पिसतात तशी एकीचं एक पान, दुसरीचं एक पान असं एकमेकांत घाला. मग मित्राला एक वही धरायला द्या, दुसरी तुम्ही धरा आणि ओढा. सुटतात का? नाही ना! आता तीनच पानं एकमेकांत घालून ओढा. चटकन सुटतील. पानं तीच, पण एकमेकांना चिकटलेली तोंडं कमी झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन वाटा

क्लचची पकड वाढवायच्या तीन वाटा आहेत. पहिली, जास्त कडक स्प्रिंगा. दुसरी, जास्त चकत्या. तिसरी, मोठ्या व्यासाच्या चकत्या. लांब पान्याने नट सहज फिरतो ना? तसंच काहीसं इथे होतं. पण मोठी चकती मावायला इंजिनात जागा हवी.

दादाने पहिली वाट धरली. ती सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. कडक स्प्रिंगा बसवल्या आणि घसरणं बंद! दिवे घाट चेतकने एका दमात चढला. दादा खूश.

पण पुढच्या आठवड्यात अण्णा भाजी आणायला पायीच निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही पायीच. स्कूटरची किल्ली खिळ्यावर तशीच लटकलेली. दादाने विचारलं, ‘‘अण्णा, गाडी का नेत नाही?’’ अण्णा म्हणाले, ‘‘चालायला बरं असतं रे.’’

खरं कारण आईने सांगितलं. एकदा सिग्नलला थांबले असताना अण्णांची बोटं दुखून आली. लिव्हर हातातून निसटली आणि स्कूटरने पुढे उडी घेतली. नशीब, समोर कुणी नव्हतं. सत्तरी ओलांडलेले अण्णा ही गोष्ट कुणाला बोलले नाहीत. त्यांनी गुपचूप गाडी सोडून दिली.

दादा गॅरेजवाल्या काकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘‘अरे, पण गाडी चालवणार कोण?’’

काकांचा हिशेब

काकांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. समजा, क्लचमध्ये कॉर्कच्या तीन चकत्या आहेत. प्रत्येकीची दोन तोंडं, म्हणजे सहा. चार चकत्या घातल्या तर आठ. पकड एक तृतीयांशाने वाढली! आणि स्प्रिंगा मात्र त्याच. तेवढीच पकड स्प्रिंगांनी वाढवायची, तर हातालाही एक तृतीयांश जास्त जोर लावावा लागणार. गावात एक फेरी मारताना क्लच कितीतरी वेळा दाबावा लागतो!

आठवल्या का वह्या? ओढताना तुम्ही त्या जोरात दाबल्या नव्हत्या. पानं जास्त होती, एवढंच.

लॅम्ब्रेटा नावाच्या दुसऱ्या इटालियन स्कूटरचे शौकीनही हेच करतात. तिच्यात मुळात कॉर्कच्या चार चकत्या असतात. इंजिन ट्यून केलं की ते पाचवी घालतात.

मग दुसऱ्या वाटेत काहीच खोट नाही का? आहे तर! तेवढ्याच जागेत चौथी चकती बसवायची, तर सगळ्या चकत्या पातळ घ्याव्या लागतात. लिव्हर दाबल्यावर त्यांच्यात फटही थोडीच पडते. मग त्या पूर्ण सुट्या होत नाहीत आणि थंडीच्या सकाळी पहिला गिअर टाकताना ‘खट्ट’ होतं. काकांनी हेही आधीच सांगून टाकलं.

त्यांनी आणखी एक ताकीद दिली. नवा क्लच घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. क्लचची वायर फार ताणलेली नाही ना? लिव्हर सुरुवातीला किंचित ढिली हवी. तेल योग्य आहे ना? चुकीच्या तेलानेही क्लच घसरतो. आणि जुना कॉर्क झिजून चकचकीत तर झाला नाही ना? कधी कधी एवढ्यानेच काम भागतं, पैसे वाचतात.

दादाने चार चकत्या घातल्या, स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या. मग किल्ली अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिली, गिअर टाकला. ‘खट्ट’ झालं. दादा म्हणाला, ‘‘सकाळी एवढं होणार.’’ अण्णा हसले, ‘‘सकाळी माझेही गुडघे वाजतात की!’’ आणि ते भाजीला गेले, स्कूटरवरून.

बालमित्रांनो, गिअरची स्कूटर चालवायला तुमची अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा. इंजिनात मोठे बदल करून गाडी तशीच रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही, तेव्हा मोठ्यांनीही आधी आरटीओत चौकशी करावी. पण समजून घ्यायला वयाची अट नाही. यंत्र उघडलेलं दिसलं, की जवळ जाऊन विचारा. घरातली कुठलीही वस्तू बदलताना, मग ती पाण्याचा नळ असो की दाराची कडी, काकांचा तो प्रश्न मात्र विसरू नका: ही वापरणार कोण?

आणि हो, वह्यांचा प्रयोग करून बघा. गृहपाठाच्या वह्या मात्र घेऊ नका हं!