चेंडू रेषेपार गेला का?

फुटबॉलमध्ये गोल मिळायला चेंडू गोलरेषेला लागून चालत नाही. दोन खांबांमधून, क्रॉसबारच्या खालून तो पूर्ण पलीकडे जावा लागतो. सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूची कड रेषेवर तसूभर राहिली तरी गोल नाही. क्रॉसबारला आपटून खाली येणारा आणि लगेच बाहेर उसळणारा चेंडू पंचांना नेमका इथेच चकवतो. साहाय्यक पंच ऑफसाइडवर नजर ठेवून उभा असतो, त्यामुळे गोलरेषेच्या सरळ रेषेत तो क्वचितच सापडतो.

१९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा असाच फटका गोल ठरला आणि इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ने हरवले. तो वाद अजून मिटलेला नाही. २०१०मध्ये पारडे फिरले. विश्वचषकात ब्लूमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू चांगलाच आत पडला, तरी गोल दिला गेला नाही. तोवर गोल ठरवणाऱ्या यंत्राला नकार देणारे फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांना जाहीर माफी मागावी लागली. गोलशेजारी जादा पंच उभे करण्याचा उपायही २०१२च्या युरो स्पर्धेत उघडा पडला. युक्रेनचा रेषेपार गेलेला चेंडू इंग्लंडच्या जॉन टेरीने बाहेर काढला आणि काही पावलांवरच्या पंचाला ते दिसले नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच, ५ जुलै २०१२ रोजी, खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषा तंत्रज्ञानाला मंजुरी दिली.

चुंबकीय क्षेत्रावर चालणारी पद्धतही मंजूर झाली होती, पण टिकली ती कॅमेऱ्यांची. क्रिकेट-टेनिसमधून आलेल्या ‘हॉक-आय’मध्ये प्रत्येक गोलवर सात कॅमेरे रोखलेले असतात. वेगवेगळ्या कोनांतल्या चित्रांवरून संगणक चेंडूची जागा काढतो आणि तो पूर्ण पार गेला की सेकंदभरात पंचाच्या घड्याळावर इशारा येतो. खेळ थांबवावा लागत नाही, हे या यंत्राचे खरे बलस्थान. चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या व्हीएआरला ते अजून साधलेले नाही. जानेवारी २०१९मध्ये मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सने लिव्हरपूलचा गोल अवघ्या ११.७ मिलिमीटरने वाचवला. इतका फरक डोळ्यांना कळणे शक्यच नव्हते.

मात्र यंत्रालाही चेंडू दिसावा लागतो. जून २०२०मध्ये ॲस्टन व्हिलाचा गोलरक्षक चेंडू कवटाळून गोलमध्ये गेला, पण गर्दीमुळे सातही कॅमेरे झाकले गेले आणि घड्याळ गप्प राहिले. शेफील्ड युनायटेडचा गोल हुकला, सामना ०-० सुटला. हॉक-आयने माफी मागितली. मोसमाअखेर व्हिला मात्र एका गुणाने प्रीमियर लीगमध्ये तगले.

खर्चाचे कारण देत स्पेनच्या ला लीगाने ही यंत्रणा घेतलीच नाही. एप्रिल २०२४मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध बार्सिलोनाच्या लामिन यमालचा फटका रेषेवर अडवला गेला, तेव्हा व्हीएआरच्या कोणत्याही कॅमेऱ्यातून खात्रीचे उत्तर मिळाले नाही. गोल दिला गेला नाही आणि रेआलने सामना ३-२ने जिंकला.