पक्षशिस्त आणि एक मत

युनियनच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाला शिस्त मोडणारा आवडत नाही. संपाचा ठराव बहुमताने झाला, की विरोधात हात वर करणाऱ्यानेही दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहावयाचे, हे आम्ही शिकलो आणि इतरांना शिकविले. म्हणूनच कार्ल लीबक्नेख्ट या जर्मन पुढाऱ्याची हकीकत मला बरीच वर्षे अडचणीची वाटत असे.

१९१२ च्या निवडणुकीत त्याचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष ११० जागा मिळवून जर्मन संसदेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. युद्धाला विरोध हे त्याचे जुने ब्रीद. पण युद्ध पेटले आणि ३ ऑगस्ट १९१४ रोजी पक्षाच्या संसदीय गटाची बंद बैठक झाली, तेव्हा युद्धकर्जाच्या बाजूने ७८ मते पडली, विरुद्ध १४. विरोध करणाऱ्यांत लीबक्नेख्ट होता. पक्षाध्यक्ष हुगो हासेही होता. दुसऱ्या दिवशी सभागृहात लीबक्नेख्टने शिस्त पाळून कर्जाच्या बाजूने मत दिले. हासेला तर पाठिंब्याचे निवेदन स्वतः वाचून दाखवावे लागले. असे निवेदन वाचताना माणसाची जीभ कशी जड होते, हे आम्हां कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

परंतु शिस्तीला एक अट असते. आज हरलेल्याला उद्या सभा घेऊन, पत्रक काढून आपली बाजू मांडता आली पाहिजे. युद्धाबरोबर जर्मनीत लष्करी अंमल आला. सभा आणि वृत्तपत्रे सेनापतींच्या मर्जीवर चालू लागली. मग अल्पमताचे बहुमत व्हावयाचे कोठे?

२ डिसेंबर १९१४ रोजी दुसऱ्या कर्जाला सभागृहात लीबक्नेख्टने एकट्याने विरोध केला. त्याचे लेखी कारण कामकाजात नोंदविण्यासही अध्यक्षांनी नकार दिला. ते पत्रकरूपाने चोरून वाटले गेले. पुढे त्याला सैन्यात भरती करून आघाडीवर धाडण्यात आले. तरीही वर्षभराने, २१ डिसेंबर १९१५ रोजी, त्याच पक्षाच्या वीस सभासदांनी कर्जाविरुद्ध मत दिले. आता हासेही त्यांत होता.

१ मे १९१६ रोजी बर्लिनच्या पोट्सडाम चौकात युद्धाविरुद्ध घोषणा दिल्याबद्दल लीबक्नेख्टला पकडले. २८ जूनला खटला चालला, त्या दिवशी बर्लिनच्या दारूगोळा कारखान्यांतील सुमारे ५५,००० कामगारांनी काम बंद ठेवले. हा संप युनियनने पुकारलेला नव्हता. युनियनच्या पुढाऱ्यांनी युद्ध संपेपर्यंत संप न करण्याचे पत्करले होते. तो घडविला खात्याखात्यांतल्या टर्नर मंडळींनी, आपल्याच पुढाऱ्यांची शिस्त मोडून.